कंपनीतून कॉलेजात: सांगली-साताऱ्यात कॉम्प्युटर शिकवायला येऊ पाहणाऱ्यांसाठी

दिवाळी झाली की आणि मे महिना संपत आला की मला दोन-तीन फोन ठरलेले. "सर, हिंजवडीत बारा वर्षं झाली. आई-बाबा मिरजेत एकटेच असतात. तुमच्यासारखं कॉलेजात शिकवायला जमेल का?" फोन बहुतेक रविवारी रात्री येतो. गाडी पेठ नाक्यावरून पुण्याकडे वळली की माणूस असले विचार करायला लागतो, हे मला अनुभवाने माहीत आहे. मीही अकरा वर्षं पुण्यात काढून सांगलीला परतलो आणि आता नऊ वर्षं शिकवतोय. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट. तुम्हाला आलेल्या नव्या तंत्रज्ञानांची यादी कॉलेजात फारशी कामाची नाही, ती पोरांना मोबाईलवर मिळते. तुमच्याकडे असतो तो बिघडलेल्या गोष्टींचा साठा. रात्री दोनला बसलेला सर्व्हर, चुकून पुसलेलं टेबल, क्लायंटने शेवटच्या दिवशी बदललेली अट. पुस्तकातला प्रोग्राम नेहमी चालतो, तुम्ही तो न चालताना पाहिलाय. हा साठा वर्गापर्यंत न सांडता कसा न्यायचा, एवढंच मला सांगायचंय.

राजीनाम्याआधी एक युनिट शिकवून बघा

गेस्ट लेक्चरवरून स्वतःला जोखू नका. तिथे शाल-श्रीफळ मिळतं, फोटो निघतो, टाळ्या वाजतात आणि आपण उत्तम शिकवतो असा समज घेऊन माणूस घरी येतो. माझ्या पहिल्या गेस्ट लेक्चरला मी चौसष्ट स्लाइड घेऊन गेलो होतो. विषय मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे मोठं सॉफ्टवेअर एपीआयमार्फत एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या भागांत तोडणं. समोर तिसऱ्या वर्षाची पोरं. शेवटी "काही प्रश्न?" म्हटल्यावर मागच्या बाकावरून एकच आला, "सर, फ्रेशरला पॅकेज किती मिळतं?" नंतर चहा पिताना विभागप्रमुख हळूच म्हणाले, "यांना एपीआय म्हणजे काय ते अजून झालेलं नाही हो." मी पाऊण तास भिंतीशी बोलत होतो, हे तेव्हा कळलं.

म्हणून ओळखीच्या विभागप्रमुखांकडे एक पूर्ण युनिट मागा. सहा-आठ तास, तीन-चार शनिवार. इकडच्या बऱ्याच कॉलेजांना शनिवार चालू असतो, त्यामुळे नोकरी सांभाळून जमतं. शेवटी चाचणी घ्या आणि साठ पेपर स्वतः तपासा. आपण "अगदी सोप्पं करून सांगितलं" असं वाटलेली गोष्ट चाळीस जणांनी चुकीची लिहिलेली दिसते. ते बघून वैताग आला तर पुण्यातच बरे. हे पुन्हा वेगळ्या तऱ्हेने सांगून बघू असं वाटलं, तर पुढचं वाचा.

कुठल्या दारातून आत जायचं

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून नीट सांगतो.

इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) २०१९ च्या नियमांप्रमाणे संबंधित शाखेतलं बीई किंवा बीटेक आणि त्यावर एमई किंवा एमटेक लागतं, आणि दोन्हींपैकी एका पदवीला फर्स्ट क्लास. पंधरा वर्षं जावा केलं तरी त्याने एमटेकची जागा भरत नाही. हे ऐकून फोनवर पलीकडे शांतता पसरते. एमटेक नसेल तर नोकरीत असतानाच करून घ्या. शाळेतली मुलं आणि होमलोन यांच्यामध्ये ते जमवणं नंतर फार अवघड जातं.

सायन्स कॉलेजातल्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्ससारख्या अभ्यासक्रमांना यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम लागतात. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला पाच टक्क्यांची सूट) आणि नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) ही पात्रता परीक्षा. जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएचडी ऐच्छिक आहे. सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सगळ्यांना सामाईक असलेल्या पहिल्या पेपरला ५० प्रश्न नि १०० गुण, विषयाच्या दुसऱ्याला १०० प्रश्न नि २०० गुण. कंपनीतली माणसं पहिला पेपर हलक्यात घेतात आणि दुसऱ्यात ऑटोमाटा नि डिस्क्रीट मॅथ्सवर आपटतात. रोजच्या कामाचा इथे उपयोग शून्य. जुनी पुस्तकं काढून चार-सहा महिने बसावंच लागतं. बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आलंय, त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या कॉलेजात कोणता नियम लावतात ते विचारून घ्या.

तिसरं दार २०२२ मध्ये उघडलं. यूजीसीचं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, पदवीची अट आडवी येत नाही. नेमणूक सुरुवातीला जास्तीत जास्त वर्षभराची, मुदतवाढ धरून साधारणपणे तीन वर्षं आणि अपवाद म्हणून चौथं. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच अशी माणसं घेता येतात, आणि जो आधीच अध्यापनात आहे त्याला हे दार बंद. थोडक्यात, कायमची नोकरी म्हणून याकडे बघू नका. घर पुण्यात ठेवून तीन वर्षं गावाकडे राहून बघायचं असेल तर मात्र झकास.

उरलं तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी. घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही. एकट्या सीएचबीवर घर चालवायच्या भानगडीत पडू नका. सोबत घरून चालणारं काम असेल तर सुरुवातीला ही सोय वाईट नाही.

कॉलेज निवडताना एकच फरक ध्यानात ठेवा, स्वायत्त की संलग्न. सांगलीत विश्रामबागचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं, २००७ पासून स्वायत्त. स्वायत्त ठिकाणी सिलॅबस कॉलेजच्याच अभ्यास मंडळात ठरतो, तुमच्या सूचनेचा परिणाम पुढच्या वर्षी वर्गात दिसू शकतो. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात सिलॅबस कोल्हापुरातून येतो. तो बदलेपर्यंत थांबायचं, आणि तोवर आहे त्यातच आपलं काही बसवायचं. कराडचं गव्हर्न्मेंट इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं, पण ते सरकारी, तिथली पक्की भरती एमपीएससीतून होते. बायोडाटा घेऊन प्राचार्यांना भेटून काही होत नाही. साताऱ्याकडचे असाल तर रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. कर्मवीरांनी १९१९ मध्ये सुरू केलेली ही संस्था, 'कमवा आणि शिका' तिथलंच. सकाळी काम करून दुपारी तासाला बसलेल्या पोराला डेडलाइन शिकवावी लागत नाही.

पैशाचं

कागदावर असिस्टंट प्रोफेसरची सुरुवात लेव्हल १० ला, मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर भत्ते. अनुदानित आणि सरकारी पदांवर हे मिळतं. विनाअनुदानित कॉलेजात 'कन्सॉलिडेटेड' (वेतनश्रेणी नि भत्ते नाहीत, एकच ठोक रक्कम) हा शब्द कानावर पडला की सावध व्हा. पगार किती हे तर विचाराच, पण पाच वर्षं तिथे असलेल्या एखाद्या सरांना चहाला गाठून "मागचा पगार कधी झाला?" हेही विचारा. मी हा प्रश्न विचारला नव्हता. पहिल्या कॉलेजात सप्टेंबरचा पगार जानेवारीत झाला, आणि त्या चार महिन्यांत घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यायच्या आधी पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता निपटवा किंवा फ्लॅट भाड्याने द्या. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. सांगलीत खर्च कमी होतो हे खरं, पण आपला पगार जितका कमी होतो तितका होत नाही.

कागद

प्रत्येक कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, आणि हुद्दा नि तारखा स्पष्ट लिहिलेलं अनुभवपत्र. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, लागू असेल तर जात वैधता. बंद पडलेल्या कंपनीतून अनुभवपत्र मिळत नाही, त्यासाठी फॉर्म १६ आणि पीएफचा तपशील जपून ठेवा. निवड समितीसमोर मुलाखत होते, डेमो लेक्चरही घेतात. मग विद्यापीठाची मान्यता. ही मान्यता महत्त्वाची, ती नसेल तर पुढे ती वर्षं मोजताना त्रास होतो. नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर पहिल्याच आठवड्यात "माझं अप्रूव्हल कधी पाठवताय?" असं ऑफिसात विचारा, आणि विचारत राहा.

पहिलं सत्र

नियमाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. कंपनीतल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पहिल्या सत्रात मला एका तासाच्या लेक्चरला घरी चार तास लागायचे. आपल्याला काम येतं म्हणजे ते पायरीपायरीने सांगता येतं असं नाही. मधल्या पायऱ्या आपण कधीच विसरून गेलेलो असतो.

भाषेचं आधीच ठरवून घ्या. बरीच पोरं मराठी माध्यमातून आलेली असतात, कुणी जतची, कुणी आटपाडीची, कुणी पाटणची. पेपर इंग्रजीत. मी गोष्ट मराठीत सांगतो, व्याख्या फळ्यावर इंग्रजीत लिहितो आणि त्या व्याख्येतला एकेक शब्द पुन्हा मराठीत फोडतो. नुसतं इंग्रजीत रेटलं तर मागचे चार बाक माना हलवतात आणि काही विचारत नाहीत. नुसतं मराठीत सांगितलं तर कळतं सगळं, पण पेपरात लिहिता येत नाही.

आता एक तास नमुन्यादाखल. विषय डेटाबेस, प्रकरण नॉर्मलायझेशन, म्हणजे तीच माहिती पुन्हापुन्हा न लिहिता वेगवेगळ्या टेबलांत नीट विभागणं. पुस्तकात याला विद्यार्थी-विषय-प्राध्यापक असं एक मुळमुळीत टेबल असतं. मी फळ्यावर मार्केट यार्डातली हळदीची पट्टी काढतो, म्हणजे सौदा झाल्यावर अडत्या शेतकऱ्याला देतो तो हिशेबाचा कागद. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, वजा हमाली, वजा तोलाई, खाली निव्वळ रक्कम. वर्गात कुणाच्या तरी घरी अशा पट्ट्या असतातच. हे सगळं एकाच टेबलात भरायचं म्हटलं की पोरं भराभर कॉलम सांगतात.

पहिल्या वर्षी हा तास घेताना भिलवडीकडची एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या आजोबांचं नाव दर पट्टीवर वेगळं असतं." मी म्हटलं, सांग. एकावर 'दादासो बापू', दुसऱ्यावर 'दा. बा.', तिसऱ्यावर 'दादासाहेब'. वर्ग हसला. मग मी विचारलं, "यंदा आजोबांची एकूण पोती किती गेली, हे कॉम्प्युटरला विचारलं तर तो काय सांगेल?" हसू थांबलं. तीन माणसं, तीन वेगळ्या बेरजा. शेतकऱ्याचं वेगळं टेबल करायचं, त्याला एक क्रमांक द्यायचा आणि पट्टीवर तो क्रमांक लिहायचा, हे मला सांगावं लागलं नाही. त्यानंतर मी या टेबलांच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्या एडगर कॉड यांचं नाव घेतलं, १९७० चा त्यांचा रिलेशनल मॉडेलचा शोधनिबंध सांगितला आणि व्याख्या लिहून दिल्या.

इथवर पुस्तकवालाही येतो. तुमचा साठा यापुढे उघडतो. नॉर्मलायझेशनची चव लागली की पोरं दरही वेगळ्या टेबलात टाकतात: "सर, दर एकदाच लिहू, पट्टी तिथूनच उचलेल." मी तसं करू देतो, फळ्यावर आजचा दर बदलतो आणि मागच्या आठवड्याच्या पट्टीतली रक्कम वाचायला लावतो. ती बदललेली असते! आजोबांना दिलेले पैसे एक, कॉम्प्युटर म्हणतो दुसरंच. मग मी त्यांना माझी गोष्ट सांगतो. पुण्यात आमच्या टीमने नेमकं हेच केलं होतं. वस्तूची किंमत बदलली आणि जुनी बिलं सगळी नव्या भावाने छापून आली. क्लायंटच्या हिशेबनिसाने ते ऑडिटच्या दिवशी पकडलं. बॅकअपवरून जुने दर शोधून एकेक बिल दुरुस्त करताना आम्ही दोन रात्री ऑफिसात काढल्या. सौदा ठरला त्या क्षणीचा दर पट्टीवरच कोरायचा. ती पुनरुक्ती नाही, तो घडलेला व्यवहार आहे. पेपरात हे कुणी विचारत नाही, पण त्या बॅचची पोरं नोकरीला लागल्यावर मेसेज करतात तेव्हा 'सर, पट्टी' एवढंच लिहितात.

असं एक उदाहरण दर प्रकरणाला शोधून ठेवा. मेसेज क्यू (एका प्रोग्रामचे निरोप दुसऱ्यासाठी रांगेत ठेवण्याची सोय) शिकवायचा तर साखर कारखान्याचं यार्ड आहेच. गव्हाणीत ऊस पडण्याचा वेग ठरलेला, बाहेर ट्रॅक्टरची रांग वाढत चाललेली. यार्ड भरलं की कारखाना काय करतो? शेतातली तोड थांबवायला सांगतो. बॅकप्रेशर ज्याला म्हणतात ते हेच, आणि ऊस पट्ट्यातल्या पोराला ते तुमच्याआधी माहीत असतं.

लॅब

पहिल्या दिवशी लॅब असिस्टंटशी दोस्ती करा. कुठलं मशीन चालतं, कुठलं नुसतं दिवे लावतं, नेट कधी जातं, सगळं त्यांना ठाऊक. वीसची बॅच आणि चालू मशीन सतरा, हे धरूनच प्रॅक्टिकल आखा.

काही ठिकाणी अजून टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या सॉफ्टवेअरची निळी स्क्रीन भेटेल. बोर्लंड कंपनीने ते १९८७ मध्ये काढलं, पोरांच्या जन्माच्या कितीतरी आधी. चिडू नका, आणि पहिल्याच महिन्यात ते काढून टाका म्हणून हट्टही धरू नका, कारण ओरलला बाहेरून आलेले परीक्षक कदाचित त्यातलीच 'क्लीअरस्क्रीन' ही आज्ञा विचारतील. मी दोन्ही चालू ठेवलं. जर्नलमधले प्रोग्राम जुन्यात, मिनी प्रोजेक्ट जीसीसी या आजच्या कंपायलरवर. दोन वर्षांत जुनं आपोआप मागे पडलं.

जर्नल कॉपी होतात, होणारच. सही करताना एकच विचारा: "ही ओळ काढली तर काय होईल?" कंपनीत कोड रिव्ह्यूला आपण हेच विचारतो. ज्याने उतरवलंय तो गप्प होतो, ज्याने केलंय तो काढून बघू का म्हणतो.

गिट (अनेकांनी मिळून लिहिलेल्या कोडमधले बदल नोंदवणारं साधन) शिकवताना आज्ञा पाठ करून घेऊ नका. शेजारच्या दोघांना एकाच फाइलची तीच ओळ बदलायला सांगा आणि दोघांनाही पुश करायला, म्हणजे बदल सामायिक कोडमध्ये पाठवायला लावा. दुसऱ्याचा पुश नाकारला जातो, त्याने पुल केलं, म्हणजे पहिल्याचा बदल आपल्याकडे ओढला, की कॉन्फ्लिक्ट येतो, बाणांच्या खुणांनी भरलेली फाइल उघडते आणि "सर, माझं उडालं!" अशी हाक येते. जवळ जा, पण कीबोर्डला हात लावू नका. हे नऊ वर्षांनीही मला अवघड जातं. दोघांनी बसून कुणाची ओळ ठेवायची ते भांडून ठरवू द्या. टीममध्ये काम करायला आणखी कसं शिकवणार?

फाइली

कोर्स आउटकम (विषय शिकून पोराला काय यायला हवं), प्रोग्रॅम आउटकम (पदवी संपताना काय यायला हवं), त्यांचं मॅपिंग, अटेनमेंट (त्यातलं किती साधलं). एनबीए आणि नॅक या दर्जा तपासणाऱ्या संस्थांसाठी हे सगळं भरायचं असतं, आणि नव्या माणसाच्या गळ्यात ते हमखास पडतं. पहिल्या वर्षी मी शिव्या घालत भरलं. नंतर लक्षात आलं, कंपनीत रिक्वायरमेंटपासून टेस्ट केसपर्यंतचा जो तक्ता आपण करायचो त्याचंच हे भावंड. दर आठवड्याला थोडं भरा. सत्राच्या शेवटी बसलात तर सगळे आकडे मनाचे लिहावे लागतात, आणि ते सगळ्यांना कळतं. एआयसीटीईचं नव्या शिक्षकांसाठीचं आठ मॉड्यूलचं प्रशिक्षण ऑनलाइन आहे, तेही पहिल्या-दुसऱ्या वर्षात उरका.

प्रोजेक्ट

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पुण्यातून तयार विकत आणतात हे तुम्ही विद्यार्थी असल्यापासून ऐकत असाल. आरडाओरडा करून ते थांबत नाही. गिऱ्हाईक जवळचं दिलं की थांबतं. एका गटाला मी तासगावच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांकडे पाठवलं. कुणाच्या किती पेट्या, कुठल्या खोलीत, कधीपासून, हे सगळं त्यांच्या एका मुनीमजींच्या वहीत आणि त्याहून जास्त डोक्यात. पोरं चकचकीत ॲप करून घेऊन गेली. मुनीमजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "यात वही नेहमी उघडी राहत नाही की." दर वेळी लॉगिन करायचं म्हणजे त्यांच्या लेखी वही बंद करून पुन्हा उघडणं! पोरांनी तीनदा बदललं. असा प्रोजेक्ट विकत मिळत नाही, कारण असं गिऱ्हाईक विकत मिळत नाही.

साठा शिळा होतो

चौथ्या वर्षी मी रंगात येऊन डिप्लॉयमेंटची (तयार सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवण्याची) एक गोष्ट सांगत होतो. समोरून एक पोरगा, अगदी नम्रपणे, "सर, पण आता असं कोण करतं?" बरोबर होतं त्याचं. त्या उन्हाळ्यात मी जुन्या मित्राच्या कंपनीत पाच आठवडे जाऊन बसलो, बिनपगारी, त्यांच्या बग लिस्टवर. तेव्हापासून दर दोन वर्षांनी जातो. कन्सल्टिंग करणार असाल तर प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या आणि पैशातला कॉलेजचा वाटा आधी ठरवा. तोंडी "करा हो सर" वर जाऊ नका, माणसं बदलतात.

उलटंही करा. पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना कॉलेजात आणा, पण भाषणाला नको, ओरलला परीक्षक म्हणून किंवा प्रोजेक्टचा रिव्ह्यू घ्यायला. स्वायत्त कॉलेजाच्या अभ्यास मंडळावर उद्योगातला एक प्रतिनिधी असतो. ती जागा नुसती सहीपुरती राहू नये, एवढं तुमच्या हातात आहे.

पीएचडी मात्र लगेच सुरू करू नका. असोसिएट प्रोफेसरसाठी ती लागते, त्यामुळे कधीतरी करावीच लागेल. पण पहिली दोन वर्षं शिकवण्यातच जातात, आणि वर्गात सुचलेला प्रश्न आयता मिळालेल्या विषयापेक्षा जास्त टिकतो.

जाहिराती बहुतेक मे-जूनमध्ये निघतात. म्हणजे युनिट शिकवून बघायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच विभागप्रमुखांना गाठा, सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं. आणि फोन जरूर करा, फक्त रविवारी रात्री नको. तेव्हा माझं सोमवारच्या साडेनऊच्या तासाचं चाललेलं असतं.